बांगडीछाप

मले दम नाही. माय म्हणे, ही पोरगी पाण्याले आधण याच्या आधीच दाळ टाकते. खरं हाये ते. लग्नानंतर नवऱ्यानंही तेच म्हणलं, आन त्याच्यामागं दिरानंही. ह्या एका गुणापायी एकदा माह्या हातचं सगळं जाऊन राहिलं होतं. ते कसं, ते सांगते.

तवा कुठल्या तरी परमुलखात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडकला, आन आमच्या वऱ्हाडच्या कापसाले असा भाव आला का लोकांनी बैलांच्या शिंगांले चांदीच्या शेंब्या चढवल्या. कापसाच्या गाड्यांची अशी रांग लागे का बाळापुरात पाण्याले निघालेल्या बाईले रस्ता ओलांडाले घागर घेऊन उभं राहा लागे. सगळे खूश. आमचं मात्र उलटं. आमी कापडावर छापाचे लाकडी ठसे कोरणारे. कापूस बंदा, सगळाच, मुंबईले चालला, सूत महागलं, कोष्ट्यांचे माग बसले. माग बसले तं रंगाऱ्यांचं छापकाम बसलं, आन रंगारी बसले तं ठसे घेणार कोण? आमच्या अंगणात रस्त्यावरचा कापूस उडून येत होता आन घरात काम नव्हतं.

माहा नवरा चंद्रभान दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आधी तीन वर्षं त्याचे हात कापत होते. ते तीन वर्षं ठसे मीच कोरले. तो शेजारी बसून सांगे आन पटाशी मी चालवत होती. गावाले वाटे चंद्रभान कोरते. माह्या दिराले, सूर्यभानले, मालूम होतं; तो कोणाजवळ बोलला नाही. बाईनं पटाशी धरली हे ऐकलं असतं तं जातीत बोंब झाली असती, आन आता तं मी रांडमुंड. त्यानंतर तं तोंड उघडाची सोयच नव्हती.

भावजी वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. ते गाड्या बनवत. कापसापायी गाड्यांले इतकी मागणी का लाकूड मिळे पण लोखंड मिळे ना. एक दिवस जेवताना ते मले म्हणाले, "वहिनी, दादाची हत्याराची पेटी कोन्यात पडून हाये. अकोल्याच्या लोहाराले देऊन टाकू. चाकांच्या खिळ्या होतील."

"पटाश्यांच्या खिळ्या?" मी म्हणलं.

"लोखंडच तं हाये."

मी पानावरून उठली. बावीस पटाश्या होत्या त्या पेटीत. नखाएवढ्या, दाण्याएवढ्या, एक तं मोहरीएवढी. त्यातल्या कोणत्या पटाशीनं कोणती पाकळी निघते हे माह्या बोटांले पाठ होतं. त्या गेल्या का मी कोण? रेच्यावर बसून कापसातली सरकी काढणारी आणखी एक बाई. रेच्यावर बसणं वाईट नाही. पण माहे हात दुसऱ्या कामाचे होते, आन मले ते दुसरं काम पाह्यजे होतं. इतकं साधं होतं ते.

त्याच आठवड्यात दवंडी आली. अमरावतीच्या एका शेठचा गाठी बांधायचा मोठा कारखाना. त्याची छाप कोणीतरी चोरली होती. माती आन सरकी घातलेल्या गाठींवर त्याचाच ठसा मारून मुंबईले पाठवल्या. तिथी त्याचं नाव गेलं. म्हून त्याले नवी छाप पाह्यजे होती. ज्याचा ठसा पसंत पडन, त्यानंच पुढचे सगळे ठसे कोरायचे, कारखाना चालन तोवर. अट एकच, ठसा कोरा आणायचा. शाई लागलेला ठसा दिसला का हाकलून देणार, कारण कोणी आधीच चार गाठींवर मारून पाहिला तं पुन्हा तेच.

मी भावजीले म्हणलं, "ठसा पसंत पडला तं पेटी राहीन?"

"राहीन," ते म्हणाले. "नाही पडला तं येतायेता लोहाराकडे."

"कबूल."

आता ठसा कोरता येते मले, चित्र काढता येत नाही. चित्र काढे नत्थुजी चितारी, अकोल्याचा. म्हातारा माणूस, देवळाच्या भिंती रंगवणारा, वीस वर्षं माह्या नवऱ्याचा जोडीदार. नत्थुजीनं वेल काढायची आन चंद्रभाननं कोरायची. मी कोराले लागली तवाही कोणी न सांगता त्याले समजलं होतं. एकदा ठसा हातात घेऊन तो म्हणे, "ही पाकळी चंद्रभानची नाही. चंद्रभान इतक्या घाईत नसते." आन माह्याकडे पाहून हसला होता.

निरोप धाडला तसा नत्थुजी आला आन ओसरीवर बसून तीन दिवस आमी भांडलो. त्याले लक्ष्मी पाह्यजे होती. कमळावर बसलेली, दोन बाजूले दोन हत्ती, हत्तींच्या सोंडेत कलश.

"काकाजी, ते गोणपाट हाये," मी म्हणलं. "पैठणी नाही. लक्ष्मीचं नाक शाईत बुडन. हत्ती म्हशी दिसतील."

"शेठलोक हाये जयवंते. लक्ष्मीले नाही म्हणणार नाही."

"शेठ नाही पाहणार ठसा. हमाल पाहीन. वीस हात लांबून, पाठीवर गाठ घेऊन. त्याले वाचता येत नाही. एकच वस्तू पाह्यजे, काळी, भरीव, एका नजरेत दिसणारी."

"चंद्रभान असं कधी बोलला नाही माह्याशी."

"चंद्रभानले दम होता. मले नाही."

म्हातारा रुसला. उठला, पागोटं घातलं आन चालला गेला. मी म्हणलं, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मनात आलं, का बोलली असं. तिसऱ्या दिवशी घरात येरझारा घालून घालून जमीन उखडली. कोन्यात पेटी, आन मी दार ते चूल, चूल ते दार. शिसवाचा ठोकळा घासून घासून आरसा केला, आणखी काय कराचं? भावजी म्हणाले, "बसा वं वहिनी घडीभर, चक्कर येईन मले." मी नाही बसली.

आठव्या दिवशी एका गाडीवाल्यानं कागद आणून दिला. नत्थुजीचा. सोबत निरोप नाही, का काही नाही. मी उकलला. एक हात. पाची बोटं वर, तळवा समोर, तळव्यात उललेलं कापसाचं बोंड. मनगटापर्यंत काळा भरीव. बस. म्हाताऱ्यानं माहं सगळं ऐकलं होतं. मले तवा रडू आलं, खोटं कशाले सांगू.

शेठनं दिलेल्या तारखेले दिवस थोडे होते. मी कागद एकदा पाहिला आन लगेच डिंक लावून शाईची बाजू लाकडावर डकवली. वरून तेल चोळलं. तेलानं कागद पारदर्शी होते, रेघा आरपार दिसतात, मग कोरत जायचं. असं केलं का लाकडावर चित्र उलटं बसते आन कापडावर सुलटं उमटते. ही रीत.

चार दिवस मी हलली नाही. माह्यासारखी बाई चार दिवस एका जागी बसली म्हणून शेजारची वच्छला पाहाले आली. मी दार लावून घेतलं. लाकडावरचा तो हात असा नीट दिसे का मले वाटे, वा रे म्हाताऱ्या, काय उजवा हात काढला. आपणच पुढं करावा असा. ठसा कोरताना डोळ्यांले सगळं उलटं दिसाले पाह्यजे, आन हा तं सरळ दिसून राहिला, हे काही माह्या डोक्यात आलं नाही. वीस वर्षं आमच्या घरात वेलबुट्टी झाली. वेल उलटी काय आन सुलटी काय, वेल ते वेल. कोणाले कधी विचारा लागलं नाही.

चंद्रभान नवा ठसा आधी भिजल्या कणकेवर दाबून पाहे. कणकेनं शाई लागत नाही, अट मोडत नाही. मले आठवलं होतं ते. पण गाडी जुंपून उभी होती.

अंबादेवीच्या दर्शनाले जातो असं गावात सांगून आमी निघालो. ठसा मी चंद्रभानच्या जुन्या पागोट्याच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवला. पेटी भावजीनं गाडीत मागं ठेवली, लोहारासाठी. अकोल्याले नत्थुजी चढला. अजून फुगलेलाच होता.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

इतकंच बोललो आमी अमरावती येईस्तोवर. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, दोघंही दोन बाजूले तोंड करून बसलो. भावजी मधून मधून बैलांशी बोलत, तेवढाच आवाज.

शेठच्या आवारात दुपारी लोक जमले. एका बाजूले गाठींची उतरंड, एका बाजूले रेच्यांवर बाया बसलेल्या. ठसे कोरणारे नऊ का दहा. शेठ गादीवर, बाजूले त्याचे दिवाणजी. दिवाणजी पुण्याकडचे, आमी बोललो का त्यांचं कपाळ आक्रसे. ठसा नत्थुजीच्या नावावर होता. मी आपली पदर ओढून बायांच्या बाजूले उभी. नावापुरती म्हाताऱ्याची पुतणी.

पहिला मोर आला, गोणपाटावर त्याचा पिसारा सगळा एक झाला. मग हत्ती. मग एक लक्ष्मी. तिचं नाक शाईत बुडालं. नत्थुजीनं माह्याकडे पाहिलं आन पहिल्यांदा म्हातारा ओठात हसला. माहा जीव भांड्यात पडला.

मग आमचा. नत्थुजीनं फडकं सोडलं, ठशावर शाई लावली, गाठीवर ठेवून मोगरी हाणली. उचलला. काळाकुळकुळीत हात, मधात पांढरं बोंड. फाटकापाशी एक हमाल गाठ घेऊन उभा होता, तिथूनच तो म्हणाला, "हात हाये. बोंड हाये हातात."

शेठ गादीवरून उठले. मी पदरात दोन्ही मुठी आवळल्या. झालं, मले वाटलं, झालं.

तो हमाल जवळ आला. मान वाकडी करून त्यानं पाहिलं. "पण डावा हाये," तो म्हणाला.

सगळे पाहाले लागले. कोणी आपला उजवा हात वर करून पाहे, कोणी डावा. मग हसू फुटलं. डावाच होता.

"बाएं हाथ से माल दूं मैं?" शेठ म्हणाले. "लोग क्या कहेंगे?"

नत्थुजी माह्याजवळ आला. चेहरा राखेसारखा झाला होता. हळूच म्हणे, "मी तं मुद्दाम उलटा काढला होता. ठसा उलटा उमटते म्हून. तुले त्रास नोको म्हून."

"काकाजी," मी म्हणलं, "कागद डकवताना उलटा तं मी करते. नेहमी मीच करते."

"मले काय मालूम? आपण कधी वेलीशिवाय काही केलं का?"

दोघांनीही एकमेकांचं काम वाचवलं होतं. आन बोललो असतो तं एका शब्दाचं काम होतं. तीन दिवस एका गाडीत बसून आलो होतो आमी. म्हाताऱ्यानं शेठकडे तोंड वळवलं, चूक झाली असं सांगाले. तेवढ्यात मी भावजीले पाहिलं. ते गाडीकडे चालले होते. पेटीकडे. त्यांचा काही दोष नाही, शब्द तसाच ठरला होता. पण माह्या डोक्यात जाळ झाला.

"डावाच हाये," मी म्हणलं.

आवाज माहा इतका मोठा निघाला का रेचे थांबले.

दिवाणजी म्हणाले, "कोण बोललं?"

"मी. डावाच हाये तो, आन डावाच पाह्यजे." पदर डोक्यावर होता, तोंड मात्र सुटलं होतं. "तुमच्यातलं कोण गेलं कधी कापूस वेचाले? उजवा हात वेचते. वेचून ठेवते कुठी? डाव्या हातात. मूठ भरली का मग ओटीत. उजव्या हातात कापूस राहतच नाही कधी. बंद्या वऱ्हाडचा कापूस आधी बाईच्या डाव्या हातात येते, मग तुमच्या गाठीत. आन वैद्य बाईची नाडी पाहते तं कोणता हात धरते? विचारा त्याले, डावाच धरते. हा बाईचा हात हाये."

बोलेस्तोवर मलेही मालूम नव्हतं का मी हे बोलणार हाये. पण बोलली तसं ते खरं वाटाले लागलं. खरंच होतं. रेच्यावरची एक म्हातारी, गोदाबाई तिचं नाव, तिनं आपला डावा हात उघडून पाहिला आन म्हणाली, "खरं बोलून राहिली पोरगी."

शेठ गाठीकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर नाही म्हणायचं दिसत नव्हतं.

दिवाणजी पुढे आले. वाकून ठसा पाहिला, सावकाश. "बाईचा हात म्हणता," ते म्हणाले. "मग बांगड्या कुठे आहेत? मोकळ्या मनगटाचा बाईचा हात आमच्या गाठीवर नको. तसला हात लक्ष्मीला चालत नाही."

माहे हात पदरात होते. नत्थुजीनं खाली पाहिलं. म्हाताऱ्यानं आपल्या स्वतःच्या हाताकडे पाहून चित्र काढलं असन, माणसाच्या हाताले बांगडी कुठून असणार? पण मी बाईचा म्हणून बसली होती. आपल्याच तोंडानं आपलाच गळा धरला होता मी. दोन वर्षांपूर्वी गावच्या बायांनी पाट्यावर माहे हात ठेवून बांगड्या फोडल्या, त्याचा आवाज मले तवा आला. मले राग आला. दिवाणजीचा नाही, सगळ्याचा. मनगट मोकळं झालं म्हणून हात कामाचा राहत नाही का?

"भावजी," मी म्हणलं. "पेटी आणा."

भावजी फाटकापाशी होते. ते थबकले. त्यांले समजलं मी काय कराले निघाली, आन सगळ्यांसमोर करणार हाये. मान हलवून नाही म्हणले असते तं मी काय केलं असतं, मालूम नाही. त्यांनी पेटी आणून माह्यापुढं ठेवली. कुलूपही त्यांनीच काढलं.

मी मातीत बसली. ठसा मांडीवर घेतला, शाईचा ओला तसाच. लुगडं खराब झालं. लाकडाले काही जोडता येत नाही. ठशात जे हाये त्यातून फक्त काढता येते. पण मनगट भरीव काळं होतं. त्यात नाली पाडली तं तेवढी जागा शाई घेत नाही, कापडावर पांढरी राहते. मी मोहरीच्या वरची पटाशी उचलली. कोणीतरी म्हणालं, "बाई कोरते!" दुसऱ्यानं त्याले गप केलं.

एक नाली. मग तिच्याजवळ दुसरी, जरा बारीक. मनगट गोल वाटावं म्हून मधात किंचित वाक दिला. इतकी सावकाश मी उभ्या जन्मात कोरली नव्हती. लाकडाचा चुरा फुंकला, उठली, आन ह्या वेळी नत्थुजीच्या हातात ठसा दिला नाही. शाई मीच लावली. दुसऱ्या गाठीवर ठेवला, मोगरी हाणली.

काळा हात, पांढरं बोंड, मनगटावर दोन पांढऱ्या बांगड्या.

तो हमाल पुन्हा मान वाकडी करून पाहत होता. "बांगडीछाप," तो म्हणाला. मागचा दुसरा हमाल म्हणाला, "हो, बांगडीछाप." आन नाव पडलं. शेठनं ठेवलं नाही, दिवाणजीनं ठेवलं नाही.

शेठ लय वेळ हसले. मग दिवाणजीले म्हणाले, "लिखो. होली के पहले बारह ठप्पे चाहिए."

दिवाणजीनं लेखणी उचलली. "नाव? नत्थुजी चितारी, अकोला?"

"दोन नावं लिवा," नत्थुजी म्हणाला. "कागद माहा. ठसा जयवंतेचा, बाळापूर." दिवाणजीनं शेठकडे पाहिलं; शेठ मोराचा ठसा परत देत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. दिवाणजीनं लिहिलं. माह्या मनगटांवर शाई सांडली होती, पदराले पुसली तं आणखीच पसरली. ती गाडीत बसेस्तोवर तशीच होती, मी धुतली नाही.

परतीच्या वाटेनं म्हातारा एकदम बोलका झाला. बारा ठशांचे बारा कागद काढू का एकच चालन, बांगड्या दोनच का चार, विचारून विचारून डोकं उठवलं.

"आन हात?" तो म्हणाला. "कागदावर डावा काढू का उजवा?"

"डावा काढा. उलटा मी करीन."

"नक्की?"

"नक्की काकाजी. आन विचारत जा."

"तूही विचारत जा," तो म्हणाला. अकोल्याले उतरताना त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला. उजवा होता का डावा, पाहिलं नाही.

अकोल्याबाहेर बाळापूरच्या रस्त्यावर लोहाराची भट्टी लागते. भावजीनं अमरावतीपासून एक शब्द काढला नव्हता. जातीत आता बोंब होणार, ती त्यांच्याच अंगावर येणार, हे मलेही समजत होतं. ते रागावले का नाही हे पाठमोऱ्या माणसाचं कसं समजणार? माह्यानं राहवत नव्हतं. दोनदा मी तोंड उघडलं आन दोनदा मिटलं. भट्टी दिसली तशी मी पेटीवर हात ठेवला.

लोहार ऐरणीजवळून उठून रस्त्यावर आला. "काय सूर्यभान," तो म्हणाला, "आणतो म्हणलं होतं ते लोखंड आणलं का?"

भावजीनं बैल थांबवले नाहीत. "लोखंड नाही," ते म्हणाले. "वहिनीची हत्यारं हायेत."